तेंडोलकरांची बुरशीची पत्रं

तेंडोलकर भाऊ,

आज तुमचा बारावा दिवस. वेंगुर्ल्याला वहिनींनी पान वाढलं असेल, भटजी जेवून गेले असतील. इथं आखातात, बनेद अल-गारमध्ये मी रजा टाकून स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसले आहे. बाहेर इतकी धूळ आहे की समोरचा समुद्र दिसत नाही. मिलिंद ऑफिसला गेलाय, आरव शाळेत. घरात कुणी नाही, तरी मी दार दोनदा बघून आले. तुम्ही गेल्यापासून हे असंच चाललंय. बंद डबा, बंद कपाट, बंद पाकीट दिसलं की उघडून बघितल्याशिवाय राहवत नाही.

तुम्हाला सांगायची एक गोष्ट राहिली आहे. तुम्ही समोर होतात, शुद्धीवर होतात, तुम्ही स्वतः विचारलंत, तरी मी ती सांगितली नाही. आज लिहिणार आहे. पण एकदम नाही जमायचं, भाऊ. जरा लांबून यावं लागेल.

आपली ओळख तुमच्या पायाच्या अंगठ्यावरून झाली, हे सांगितलं की लोक हसतात. मी आमच्या इस्पितळाच्या प्रयोगशाळेत बुरशीच्या टेबलावर बसते. लोकांच्या नखांतून, कातडीतून, फुफ्फुसातून आलेले नमुने काचेवर घ्यायचे आणि त्यात बुरशी आहे का बघायचं, हे माझं काम. तुम्ही जहराहून आला होतात, पंप विकणाऱ्या दुकानातले कारकून, शर्टाच्या खिशात दोन पेनं. पिवळं पडलेलं नख मी खरवडत असताना पेशंट तोंड फिरवतात. तुम्ही वाकून बघत होतात.

"बाय, एक विचारू? ही बुरशी मला दुर्बिणीतून दाखवाल?"

मी म्हणाले, "ते नियमात बसत नाही."

"माझंच नख ना?"

"तुमचंच. पण नियम आमचे."

चार दिवसांनी सेक्युरिटीच्या टेबलावर माझ्या नावाचं पाकीट आलं. आत कागदावर पेन्सिलीनं काढलेलं चित्र होतं. खुबूस पावाच्या तुकड्यावर वाढलेली बुरशी, बारीक दांड्या आणि त्यांच्या टोकांवर टाचणीच्या डोक्याएवढे काळे ठिपके. खाली लिहिलं होतं, "माझ्याकडे फक्त दहा पट दाखवणारं भिंग आहे. तुमच्या यंत्रातून ही कशी दिसते ते काढून पाठवावं, ही विनंती." मी ते पत्र दोन वेळा वाचलं आणि घाबरून हात धुतले.

तुमचं ते जाडजूड पुस्तक मी नंतर पाहिलं. अहमदीतलं कुणी इंग्रज कुटुंब सामान विकून निघालं तेव्हा तुम्ही उचललेलं. दीडशे वर्षांपूर्वीचे दोन इंग्रज, एक खेडेगावातला पाद्री, दुसरा गिरणीच्या गावातला डॉक्टर, दोघांना अळंब्यांचं वेड. तीस वर्षं एकमेकांना ओल्या शेवाळात गुंडाळून अळंबी पाठवत राहिले, भेटले दोनदाच. पोस्टमन वासाची तक्रार करायचा. एकदा पाद्र्यानं आलेला नमुना शिजवून खाल्ला, दिवसभर उलट्या काढल्या आणि संध्याकाळी लिहिलं की आणखी एक पाठवा. हे मला सांगताना तुमच्या डोळ्यांत पाणी यायचं हसून. मला हसू यायचं नाही. मला त्या पाद्र्याच्या बायकोची काळजी वाटायची.

"आपण तसंच करू," तुम्ही म्हणालात. "फोन नको. बुरशीचं बोलणं कागदावरच." तुमच्या दुकानाचा ड्रायव्हर कुट्टी दर रविवारी शहरात सामान पोचवायला यायचा, तो पाकीट ठेवून जाणार. माझं उत्तर त्याच्याच हाती परत. पाच वर्षं चाललं हे. आरव मला म्हणायचा, "आई, हू राइट्स लेटर्स?" मी म्हणायचे, तेंडोलकर काका लिहितात.

तुम्ही काय काय पाठवलंत! एसीच्या पाण्याखाली रात्रीतून उगवलेली छत्री. बागेतल्या हिरवळीवरचं, हात लावला की काळं पडणारं. पाऊस पडून गेल्यावर वाळूतून वर आलेलं, लांब दांडीचं, कोरडं ठक्क, बोटानं टिचकी मारली तर आतून काळी पूड निघणारं. मी तुम्हाला चित्रं पाठवायचे आणि तुम्ही चुका काढायचात. "बाय, तुम्ही यंत्रातून बघता पण घाईत बघता." खरं होतं ते. नमुन्यात रोग आहे की नाही, एवढंच बघायला मी शिकले होते. परभणीच्या कॉलेजात कुणी सांगितलं नव्हतं की बुरशी सुंदर असते. ते तुमच्यामुळे कळलं. पस्तिशी ओलांडल्यावर कळलं.

पण भीती गेली नाही. तुमची पाकिटं मी घरी आणत नसे. आमच्या प्रमुख डॉक्टरीणबाई इजिप्तच्या, त्यांना मी सगळं सांगून परवानगी घेतली होती. आठवड्याचं काम संपलं की गुरुवारी दुपारी, नमुने हाताळायच्या, आता वापरात नसलेल्या जुन्या काचेच्या कपाटात, मास्क आणि हातमोजे घालून मी तुमचं पत्र उघडायचे. हे तुम्हाला कळलं तेव्हा तुम्हाला फार लागलं. "मी प्रेमानं पत्र पाठवतो आणि तुम्ही ते विंचवासारखं चिमट्यात धरता?" मी उलट लिहिलं की तुम्हाला साखरेचा आजार आहे, तुम्ही एका खोलीत राहता, उशाशी फळीवर कुजकी खोडं ठेवता, मास्क तुम्हीच लावायला हवा. तुम्ही लिहिलंत, पाद्री ऐंशी वर्षं जगला. मी लिहिलं, पाद्र्याला साखर नव्हती आणि तो तुमच्यासारखा रोज दहा खजूर खात नव्हता. हे भांडण मिटलंच नाही आपलं.

आणि ते फग्याचं. दोन हिवाळ्यांपूर्वी, शुक्रवारी सकाळी, मिलिंदच्या गाडीतून आपण जहराच्या पुढे वाळवंटात गेलो होतो. पावसानंतर वाळूखाली बटाट्यासारखा वाढणारा फगा बाजारात पुष्कळ मिळतो, पण तुम्हाला तो जमिनीतून निघताना बघायचा होता. तुम्ही काठी घेऊन पुढे, जमिनीला बारीक तडा गेलेला शोधत. मी गाडीजवळ उभी. मला सारखं वाटत होतं, या वाळूत नव्वद सालच्या लढाईतले सुरुंग अजून पुरलेले आहेत. तुम्ही ओरडलात, "बाय, तडा! उचललीय माती!" आणि तुमच्या पायापासून हातभर अंतरावर मला गंजलेल्या लोखंडाची गोल कड दिसली.

मी किंचाळले. तुम्ही एक पाय उचललेला तसाच धरून उभे राहिलात. मिलिंद म्हणाला, "भाऊ, हलू नका. आलात त्याच पावलांवरून मागे या. तोच ठसा, तोच ठसा." वीस-पंचवीस पावलं असतील. मला अजूनही कधीकधी ती पावलं मोजताना जाग येते. चौकीवर जाऊन सांगितलं, पोलीस म्हणाले परत आलात हे बरं केलंत. ते लोखंड कशाचं होतं ते आपल्याला कधी कळलं नाही. तुम्ही मात्र महिनाभर रुसलात. "डब्याचं झाकण असेल. तुम्ही घाबरता म्हणून तुम्हाला फगा दिसला नाही." मी लिहिलं, "मी घाबरते म्हणून तुम्ही दोन पायांवर आहात."

बघा, लांबून येते म्हणाले आणि किती लांब गेले. आता येते.

त्या रविवारी पाकीट आलं. नेहमीसारखंच तपकिरी, वर माझं नाव, कोपऱ्यात तुम्ही काढायचात ती छोटी छत्री. मी ते कपाटात ठेवलं. सोमवारी कपाटाजवळून गेले. मंगळवारी, बुधवारी गेले. पाकीट मला दिसत होतं, भाऊ. एकदा हातातही घेतलं. पण हातमोजे काढून ठेवले होते, कामं पडली होती, आणि खरं सांगायचं तर आठवड्यात मधेच तुमची पूड अंगावर घ्यायची मला भीती वाटली. गुरुवारी उघडलं.

त्यात नमुना नव्हताच. एक पान होतं. बरंचसं बागेतल्या कुठल्याशा छत्रीबद्दल, आणि शेवटी, जाता जाता लिहावं तसं: "डावा दात फार दुखतोय. गाल सुजला आहे, आणि डोळ्याखाली चिमटा काढला तरी कळत नाही. नाकातून तपकिरी येतं. गंमत म्हणजे वास ओळखीचा वाटतो."

साखर, सूज, बधिर गाल, तपकिरी स्राव. आमच्या धंद्यात हे चार शब्द एका ओळीत आले की माणूस धावत सुटतो. मी नियम मोडून फोन केला. तुम्ही दुकानात होतात, मागे कुणीतरी पंपाचे नंबर वाचत होतं.

"अरे वा, फोन? आज काय..."

"भाऊ, आत्ताच्या आत्ता निघा. आमच्या इमर्जन्सीला या. टॅक्सी करा."

"दाताला इमर्जन्सी? रविवारी बघू की, शुक्रवार-शनिवार सुट्टी..."

"दात नाही तो!" मी एवढ्या जोरात ओरडले की शेजारच्या टेबलावरची फिलिपिनो मुलगी उठून उभी राहिली.

तुम्ही आलात. डावा डोळा अर्धा मिटलेला. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी तिथल्या तिथे नाकातला काळा पडलेला तुकडा काढून पाठवला. डबीवर तुमचं नाव होतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तुझ्या ओळखीचे आहेत, मी बघते. मी म्हणाले, नाही, मीच बघणार. का म्हणाले कोण जाणे. काचेवर थेंब टाकला, वर झाकणकाच ठेवली आणि डोळा लावला. रुंद रुंद फिती, मधे पडदे नाहीत, काटकोनात फुटलेल्या. शोधावं लागलं नाही. सगळीकडे तीच होती. म्युकर. पावावर वाढणाऱ्या त्या बुरशीच्या गोतावळ्यातलीच, करोनाच्या वेळी घराघरांत लोक जिला काळी बुरशी म्हणून घाबरत होते ती. मी फोनवर रिपोर्ट सांगितला. माझा आवाज अगदी सरळ होता. मग बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून उभी राहिले.

ऑपरेशनच्या आधी तुम्हाला भेटायला आले, तेव्हा तुम्ही बोलू शकत होतात.

"बाय, तुमच्याकडेच आलं असेल ना माझ्या नाकातलं? कोण निघाला?"

काय नाही, कोण.

"अजून रिपोर्ट नाही आला, भाऊ. येईल उद्यापर्यंत."

तुम्ही माझ्याकडे बघत राहिलात. "हात थरथरतायत तुमचे."

"एसी फार आहे इथं."

"हो, फार आहे," तुम्ही म्हणालात, आणि चादर वर ओढून घेतलीत.

डोळा काढावा लागला. टाळूचा अर्धा भाग काढावा लागला. शुद्धीवर आलात तेव्हा बोलता येत नव्हतं. नर्सनं वही आणि पेन दिलं, आणि मग आपल्यात परत फक्त लिहिणंच उरलं. पहिल्या दिवशी तुम्ही लिहिलंत, "चहा." देता येत नव्हता. मग लिहिलंत, "इन्स्पेक्टरसारख्या उभ्या राहू नका, बसा." मी बसले. तिसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत आले, तर तुम्ही आधीच लिहून ठेवलेलं पान माझ्यापुढे केलंत. अक्षर वाकडंतिकडं, पण वाचता येत होतं.

"मला फार भीती वाटते. लिहायला लाज वाटते. तुम्हाला इतका हसलो."

भाऊ, पाच वर्षांत मला तुमची भीती कधी दिसली नव्हती. वाळवंटात एका पायावर उभे होतात तेव्हाही नाही. मी तुमचा हात धरला, हातमोज्यांशिवाय. म्हणाले, "म्युकर आहे. पहिल्याच दिवशी पाहिलं होतं मी. खोटं बोलले तुमच्याशी."

तुम्ही लिहिलंत, "ठाऊक होतं. तुम्हाला खोटं जमत नाही." मग, "काढून दाखवा."

मी वहीत फिती काढल्या. तुम्ही एका डोळ्यानं बघितलंत आणि खाली लिहिलंत, "घाईत काढलंत." आपण दोघं हसलो. तुमचं हसणं म्हणजे खांदे हलले एवढंच. त्या क्षणासाठी मी जन्मभर तुमची ऋणी आहे.

आणि मग तुम्ही लिहिलंत, "माझं पत्र कधी मिळालं?"

मी म्हणाले, "गुरुवारी."

तुम्ही पेन खाली ठेवलंत. थोड्या वेळानं परत उचलून लिहिलंत, "कुट्टी आळशी झालाय."

मी घड्याळ बघितलं, सुट्टी संपली म्हणाले आणि उठले. त्यानंतर बुरशी मेंदूकडे गेली. तुम्ही परत कधी काही लिहिलं नाहीत. आठव्या दिवशी सकाळी डॉक्टरीणबाईंनी मला त्यांच्या खोलीत बोलावून खुर्ची पुढे केली.

डॉक्टरांना मी विचारलं होतं, चार दिवस आधी आले असते तर? ते म्हणाले, सांगता येत नाही, कदाचित, कदाचित नाही. हे बीजाणू हवेत सगळीकडे असतात, दोष साखरेचा. मी मान हलवली. पण "कदाचित" हा शब्द माझ्याबरोबर घरी आला आणि गेला नाही. आता प्रत्येक नमुना मी आल्याबरोबर उघडते. सहकारी म्हणतात, जेवून तर घे.

कागदपत्रं कंपनीच्या मंदूबनं केली, इथल्या सरकारी कामाला प्रत्येक दुकानाचा असा एक माणूस असतोच. तुम्ही गावी पोचलात. मग गेल्या शुक्रवारी मी आणि मिलिंद जहराला तुमची खोली रिकामी करायला गेलो. मी मास्क लावून दार उघडलं, मला वाटलं होतं सगळीकडे कुजकी खोडं असतील. फळीवर काचेच्या बरण्या होत्या, झाकणं घट्ट, वरून मेण लावलेलं. प्रत्येकीवर नाव आणि ठिकाण. खिडकीजवळच्या खिळ्याला मास्क लटकत होता, वापरून मऊ झालेला. तुम्ही माझं ऐकत होतात, भाऊ. भांडत होतात आणि ऐकत होतात. मला एका अक्षरानं कळवलं नाहीत.

मदतीला कुट्टी आला होता. इतकी वर्षं त्यानं पाकिटं आणली, पण मी त्याला फक्त लांबून पाहिलं होतं. केस पिकलेले, वाकून चालणारा माणूस. खोकी गाडीत भरून झाल्यावर तो माझ्यापाशी येऊन उभा राहिला.

"मैडम, वो लेटर... मैं संडे को ही दिया ना? मेरे को याद है, संडे को ही दिया."

"हो, म्हणजे, हाँ."

"साब लास्ट में मेरी तरफ देखा नहीं. मैं दो बार गया हॉस्पिटल. मुँह उधर कर लिया." तो जमिनीकडे बघत होता. "मैं सोचता है, मेरे से कुछ भूल हुआ क्या. नींद नहीं आता."

मिलिंद दोरी बांधता बांधता थांबला. त्यालाही मी सांगितलं नव्हतं.

मी म्हणाले, "कुट्टीभाई, आपकी कोई गलती नहीं. आपने संडे को ही दिया था. मेरे पास पड़ा रहा. मैंने चार दिन खोला नहीं. और साब ने पूछा तो मैंने झूठ बोला."

तो काही रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं. त्यानं खिशातून रुमाल काढून तोंड पुसलं, "अच्छा," म्हणाला आणि गाडीत जाऊन बसला. तुम्ही त्याच्याकडे पाठ करून गेलात, ते माझ्यामुळे. हे मला दुरुस्त करता येणार नाही.

हीच ती गोष्ट. पाकीट रविवारी मिळालं होतं, भाऊ. गुरुवारी नाही.

आज सकाळी मी वहिनींना फोन केला. तुम्ही गेल्यापासून रोज त्यांचा फोन यायचा आणि मी बरण्यांचं, कपड्यांचं, तिकिटाचं बोलून ठेवून द्यायचे. आज मीच लावला. घरात माणसांचा आवाज होता, भांड्यांचा होता. मी म्हणाले, वहिनी, जरा एकीकडे या. त्या परसात गेल्या असाव्यात, कोंबड्या ऐकू आल्या. मी सगळं सांगितलं. रविवार, सोमवार, मंगळवार, बुधवार. कपाट. हातमोजे. तुम्ही विचारलंत ते आणि मी म्हणाले ते. कुट्टी.

मला वाटलं फोन कट झाला.

"वहिनी?"

"आसंय."

"बोला काहीतरी. शिव्या द्या."

"वृषाली, माका त्यांनी त्याच्या आधीच्या शुक्रवारी सांगितलेलां. दात दुकता म्हणान. गाल सुजलो म्हणान." त्यांचा आवाज अगदी बारीक झाला. "मी म्हटलंय, लवंग धरा. डॉक्टराकडे नंतर जावा. रजा कशाक घालवता."

फोन कुणीच ठेवला नाही. तिकडे कुणीतरी त्यांना हाक मारत होतं, पानं वाढायची झाली म्हणून, आणि त्या जात नव्हत्या.